रीलमध्ये तेल कुठे, ग्रीस कुठे आणि कोरडं काय ठेवायचं

‘रीलला सगळ्यात चांगलं ग्रीस कोणतं?’ हा प्रश्न गळाने मासे पकडायचा नाद लागलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी असतो आणि तो अर्धवट आहे. रील म्हणजे रॉडला लावलेलं, दोरी गुंडाळणारं यंत्र. साध्या स्पिनिंग रीलमध्येसुद्धा सहा-सात तऱ्हेची कामं करणारे भाग असतात. काही भाग प्रचंड वेगाने फिरतात पण त्यांच्यावर भार नसतो. काही हळू फिरतात आणि माशाची सगळी ओढ झेलतात. काहींनी मुद्दाम घासलंच पाहिजे. बेटकास्टरच्या (फेकताना ज्याचा स्पूलच फिरतो त्या रीलच्या) स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीला, चालणारं तेल स्पिनिंगच्या मुख्य गियरवर टिकणार नाही आणि गियरचं ग्रीस अँटी-रिव्हर्स क्लचमध्ये, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणाऱ्या भागात, शिरलं तर ऐन वेळी हँडल उलटं फिरेल. म्हणून ब्रँड सर्वात शेवटी. आधी भाग, मग त्यावरचा भार आणि वेग, मग खारं पाणी तिथवर पोचतं का, आणि त्यानंतर डबा.

इथे डोळ्यांसमोर धरलेली रील्स दोन. एक, कोकण-गोव्याच्या खडकांवरून किंवा होडीतून वापरतात ते ३००० ते ६००० साइजचं स्पिनिंग रील. दुसरं, खाडीत जिताड्यासाठी, गोव्याच्या भाषेत चोणकासाठी, वापरतात ते बेटकास्टर. धरणावर किंवा तळ्यावर मासे पकडत असाल तर यातल्या बऱ्याच गोष्टींत सूट घ्या. गोडं पाणी रील मारायला वर्षं घेतं, खारं पाणी एका पावसाळ्यात काम उरकतं.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या बाटलीवर ‘आयएसओ व्हीजी’ आणि पुढे आकडा असतो. ४० अंश सेल्सियसला ते तेल किती दाट आहे, हे सेंटिस्टोकमध्ये सांगणारा हा आकडा आहे. १० म्हणजे फारच पातळ, ३२ मध्यम, ६८ आणि १०० दाट. रीलचं म्हणून महागात विकल्या जाणाऱ्या छोट्या बाटल्यांवर हा आकडा बहुतेक वेळा नसतोच. मग बाटली हलवून पाहायची. पाण्यासारखं सळसळलं तर स्पूलचं, सावकाश ओघळलं तर हँडलचं.

जपान-युरोपातल्या सूचना वाचताना एक लक्षात ठेवा. त्यांना काळजी असते ती थंडीत तेल-ग्रीस घट्ट होण्याची. आपल्याकडे अडचण उलटी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडलेलं रील ४० अंशांच्या वर सहज जातं आणि पातळ तेल बेअरिंगमधून निघून भलतीकडे पसरतं. त्यामुळे कंपनीने दोन पर्याय दिले असतील तर किनाऱ्यावर मी एक पायरी दाटच निवडतो.

ग्रीसचा आकडा एनएलजीआय या अमेरिकन संस्थेच्या श्रेणीतला असतो. २५ अंशांना एक ठरावीक शंकू पाच सेकंद ग्रीसमध्ये रुतू द्यायचा आणि तो किती खोल गेला हे मिलिमीटरच्या दशांशात मोजायचं. श्रेणी २ मध्ये तो २६५ ते २९५ जातो, १ मध्ये ३१० ते ३४०, शून्यमध्ये ३५५ ते ३८५, तर ३ मध्ये फक्त २२० ते २५०. रीलसाठी १ आणि २ या श्रेणी कामाच्या.

आपल्या गॅरेजमध्ये आणि हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणारं ‘एपी-३’ हे लिथियम ग्रीस श्रेणी ३ चं असतं. गाड्यांच्या चाकांच्या बेअरिंगसाठी ते उत्तम. रीलमध्ये मात्र पहिल्या काही फेऱ्यांत गियरचे दात त्यात आपली वाट कोरतात, ग्रीस दोन्ही बाजूंना ढिगासारखं उभं राहतं आणि दात उघडेच फिरत राहतात. वरून पाहिलं तर गियरची केस (पेटी) ग्रीसने भरलेली दिसते, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. एपी-३ च घरात असेल तर ते कसं मऊ करायचं ते पुढे येईल.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ. समईची वात तेल धरून ठेवते आणि लागेल तेवढंच वर देते, तसं हा पदार्थ दाब पडेल तिथे तेल सोडतो. वंगणाचं खरं काम तेलच करतं. म्हणून ग्रीस घेताना दोन गोष्टी पाहायच्या: आत तेल कुठल्या जातीचं आहे (खनिज, सिंथेटिक पीएओ, एस्टर की सिलिकॉन) आणि धरणारा पदार्थ कोणता आहे (लिथियम, लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट, पॉलियुरिया की माती). खाऱ्या पाण्यासाठी माझी पसंती कॅल्शियम सल्फोनेटला. पाण्याने धुऊन जायला ते सहसा दाद देत नाही आणि गंज रोखण्याचा गुण त्याच्या अंगातच असतो. ते नाही मिळालं तर ‘मरीन’ लिहिलेलं लिथियम कॉम्प्लेक्स. बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ही दोन्ही मिळू शकतात आणि रीलच्या इवल्याशा ट्यूबपेक्षा वजनाला खूप स्वस्त पडतात.

पेटीत काय असावं

पातळ तेल, व्हीजी १० च्या आसपास. रीलचं खास तेल नसेल तर शिलाई मशीनचं स्वच्छ, पांढरं तेल चालतं. ते गंजरोधक नसतं, एवढी एक उणीव. म्हणून खाऱ्या पाण्यात ते लवकर लवकर घालावं लागतं.

मध्यम तेल, व्हीजी ३२. हायड्रॉलिक तेल म्हणून मिळतं त्यात झीज आणि गंज रोखणारी द्रव्यं आधीच असतात. हँडल आणि बेल (दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान) यांना हेच. बेलच्या टोकाशी दोरी ज्याच्यावरून जाते त्या रोलरलाही वरचेवर याचा थेंब लागतो.

मरीन ग्रीस, श्रेणी २.

ड्रॅगचं ग्रीस. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी आवरत-आवरत सोडणारा ब्रेक. हे ग्रीस वेगळंच हवं, इथे तडजोड नाही. पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं, उष्णता सहन करणारं. कॅल्स किंवा शिमानोचं घ्या. छोटी डबी दोन-तीन वर्षं पुरते.

सिलिकॉन ग्रीसची लहान ट्यूब, फक्त रबराच्या ओ-रिंगसाठी. गियरवर नको. पोलादावर पोलाद दाबून घासतं तिथे सिलिकॉनचा थर टिकत नाही.

याशिवाय मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज आणि बोथट सुई, चित्रकलेचा दोन नंबरचा ब्रश, टूथपिक, जुना टूथब्रश आणि धागे न सोडणारं सुती फडकं.

आता काय नको ते. खोबरेल तेल आपल्याकडे हाताशी असतं म्हणून हमखास वापरलं जातं. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि कुठलंही खाद्यतेल हवेत राहून शेवटी चिकट, पिवळट राळ होतं. अशी राळ बसलेली बेअरिंग्ज साफ करणं गंजलेल्या बेअरिंगपेक्षा कटकटीचं. ग्रॅफाइटचं काळं ग्रीस खाऱ्या पाण्यात टाळा. ग्रॅफाइट, अॅल्युमिनियम आणि मीठ-पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस जड भाराच्या गियरला चालतं, पण ड्रॅगजवळ अजिबात नको.

आणि डब्ल्यूडी-४०. नावातच त्याचं काम आहे: ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं, आणि ते जमलं चाळिसाव्या प्रयत्नात. १९५३ मध्ये क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचा ओलावा आणि गंज रोखायला ते बनलं. रील पाण्यात पडलं तर उघडून त्यावर मारा, पाणी बाहेर काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यात विद्रावकच जास्त असतं. ते उडून गेल्यावर मागे जो थर उरतो तो फारच पातळ, आणि जाता जाता त्याने आतलं चांगलं ग्रीसही विरघळवलेलं असतं. साफसफाईच्या डब्यात ठेवा, वंगणाच्या नको.

एकत्र काय करायचं, काय नाही

दोन वेगळी ग्रीस एकत्र करू नका, हा मूळ नियम. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स यांचं सहसा जमतं. लिथियम आणि कॅल्शियम सल्फोनेटचं कधी जमतं, कधी नाही. पॉलियुरिया आणि माती यांचं बहुतेकांशी वाकडं. जमलं नाही म्हणजे काय होतं? धरणारा पदार्थ मोडतो, तेल सुटून खाली जमा होतं आणि दातांवर कोरडा चिखल उरतो. कधी उलट होतं आणि मिश्रण घट्ट होऊन बसतं. उद्योगात ही परीक्षा करायची एएसटीएम डी६१८५ नावाची प्रमाणित पद्धतच आहे. आपल्याला एवढं पुरे: कंपनीच्या मूळ ग्रीसवर नवं लावायचं नाही, जुनं पूर्ण धुऊन मगच नवं.

ग्रीसमध्ये तेल मिसळणं मात्र चांगलं चालतं, आणि याच बाबतीत घरी केलेला माल विकतच्याला हरवतो. तेलाची जात तीच ठेवायची, एवढी अट. खनिज तेलाच्या ग्रीसमध्ये खनिज तेल, पीएओमध्ये पीएओ. खनिज आणि पीएओ आपसात जुळतात, त्यामुळे फार ताण घेऊ नका. सिलिकॉन कशातच नको. पीएजी नावाचं सिंथेटिक तेल असतं तेही नको.

पद्धत अशी. काचेच्या तुकड्यावर चार भाग ग्रीस आणि एक भाग तेल घ्या. तेल एकदम ओतू नका. सिरिंजने चार-पाच थेंब टाकायचे, सुरीच्या पात्याने चेपत-चेपत एकजीव करायचं, मग पुढचे थेंब. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी कडेला तेलाचं तळं दिसलं तर प्रमाण जास्त झालंय किंवा जात जुळलेली नाही. न दिसल्यास काच तिरपी उभी करा. लगदा हळूहळू सरकला पाहिजे, ओघळता कामा नये. मग लहान डबीत भरून त्यावर तारीख आणि काय काय घातलंय ते लिहून ठेवा, कारण चार महिन्यांनी सगळ्या डब्या सारख्याच दिसतात.

कुठलं तेल घालायचं यावरही बरंच अवलंबून आहे. मरीन ग्रीसमधलं मूळ तेल बहुतेक वेळा व्हीजी १०० च्या वरचं असतं. त्यात व्हीजी १० घातलंत तर ग्रीस मऊ होईलच, पण आतल्या तेलाची भार पेलायची ताकदही उतरेल. मी त्यासाठी व्हीजी ६८ वापरतो, नसेल तर ३२. एपी-३ मऊ करायचं तर तेच, फक्त तेल थोडं जास्त लागतं. आणि हे लक्षात असू द्या की मऊ केलेलं ग्रीस पाण्याला मूळ ग्रीसइतकं तोंड देत नाही. म्हणून ते मुख्य गियरवर नाही, हलक्या भाराच्या सरकत्या भागांवर लावायचं.

उघडणं आणि धुणं

कंपनीच्या संकेतस्थळावरून रीलचा सुट्या भागांचा नकाशा उतरवून घ्या. स्पूल काढण्यापासून प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. अंड्यांचा रिकामा ट्रे समोर ठेवून निघेल त्या क्रमाने एकेका खळग्यात भाग ठेवत जा. कागदासारखे पातळ वॉशर, ज्यांना शिम म्हणतात, ते कुठल्या बाजूचे आणि किती होते हे चुकलं तर नवं रीलसुद्धा खरखरतं. रोटरचा (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणाऱ्या भागाचा) नट काही रील्समध्ये उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी नकाशा बघा.

ग्रीस धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लोक वापरतात, पण ग्रीस विरघळवण्यात ते कच्चं आहे. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल घ्या. धातूचे भाग त्यात पंधरा मिनिटं भिजवून टूथब्रशने घासा, मग अल्कोहोलने धुऊन टर्पेंटाइनचा तेलकट अंश काढा. प्लास्टिकचे भाग, रंगवलेली बॉडी आणि हँडलचा गोळा यांना भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी. थिनर आणि अॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातात. पेट्रोल नको. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब करा आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

बेअरिंगला एका बाजूला सी-आकाराची बारीक तार असते. तिच्या फटीत सुई घालून उचलली की झाकण सुटतं. ही तार उडते आणि परत सापडत नाही, म्हणून हात पारदर्शक पिशवीत घालून काढा. धुतलेलं बेअरिंग बोटावर फिरवा. कोरडं बेअरिंग आवाज करतंच, त्याला घाबरायचं नाही. पण अडखळत असेल, वाळू चावल्यासारखं लागत असेल तर तेल घालून ते सुधारत नाही. बदला. ७×११×३ आणि ४×७×२.५ मिलिमीटर ही मापं रीलमध्ये वारंवार भेटतात. बदलताना स्टेनलेस किंवा हायब्रिड सिरॅमिक घ्या. हायब्रिडमध्ये गोळ्या सिरॅमिकच्या असल्या तरी कड्या पोलादीच असतात, त्यामुळे त्यालाही तेल लागतं.

एकेक भाग

मुख्य गियर आणि पिनियन (त्याला जुळलेला लहान गियर). इथे मरीन ग्रीस, श्रेणी २, काहीही न मिसळता. ब्रशने दातांच्या फटीत पातळ भरा, हँडल वीस-पंचवीस वेळा फिरवा, बाजूला उभं राहिलेलं पुन्हा दातांवर ओढा. केस ठासून भरायची नाही. जास्त ग्रीसने हँडल जड होतं, आणि ते सरकत सरकत क्लचपर्यंत पोचतं. केसच्या आतल्या भिंतीला बोटाने पुसट थर द्या, तो वंगणासाठी नसून मिठापासून धातू झाकायला आहे.

अँटी-रिव्हर्स क्लच. रीलमधला सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा भाग. आत बारीक रोलर असतात, त्यांना इवल्याशा स्प्रिंगा ढकलतात, आणि हँडल उलटं जायला लागलं की रोलर पाचरीसारखे अडकतात. ग्रीस लागलं की स्प्रिंगेला रोलर वेळेवर ढकलता येत नाही. ग्रीस इथे औषधालाही नको. अल्कोहोलने स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या, टूथपिकच्या टोकावर पातळ तेल घेऊन रोलरना फक्त ओलावा दाखवा. साधं पुसलेलं बोट फिरवलं तर त्यावर तेल दिसू नये, इतकंच. आतली नळी, जिच्यावर रोलर अडकतात, तिचा पृष्ठभागही अल्कोहोलने पुसा. रील ‘मागे सरकतंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं इथेच असतं, आणि गियर बदलायचा खर्च फुकट गेलेला असतो.

दोरीचा रोलर. हिशेब करून बघा. रोलरचा व्यास १० मिलिमीटर धरला तर घेर ३१ मिलिमीटर. हँडलच्या एका फेरीत ९० सेंटिमीटर दोरी आत येत असेल तर रोलर जवळजवळ २९ वेळा फिरतो. त्याच फेरीत ६.२:१ चा रोटर सहाच वेळा फिरतो. शिवाय ओली, खारट दोरी थेट याच्यावरूनच जाते. रीलमधलं सगळ्यात आधी मरणारं बेअरिंग ते हेच, यात नवल नाही. वेग पाहिला तर तेल हवं, मीठ पाहिलं तर ग्रीस. म्हणून वर बनवलेलं मऊ ग्रीस इथे लावायचं. बेअरिंगच्या आत रिकाम्या जागेचा तिसरा हिस्सा भरेल इतकंच, आणि बाहेरच्या बाजूंना थोडा थर. दोरी हलक्या हाताने ओढून पाहा. रोलर न फिरता दोरी त्याच्यावरून घसरत असेल तर ग्रीस दाट झालंय. घसरणारी ब्रेड (विणलेली) दोरी रोलरवर चर पाडते आणि मग तो चर दोरी कापतो. हलके लुअर (नकली आमिष) फेकणाऱ्यांनी सरळ व्हीजी ३२ घालावं आणि समुद्रावरच्या दर खेपेनंतर पुन्हा एक थेंब देण्याचा कंटाळा करू नये.

इथेच एक अपवाद. डाइवाच्या मॅगसील्ड रील्समध्ये फटीत चुंबकाने धरून ठेवलेलं चुंबकीय तेल असतं. असा द्रव पहिल्यांदा नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये रॉकेटच्या इंधनासाठी बनवला. मोठी मजेशीर गोष्ट आहे, पण आपल्यासाठी अर्थ एवढाच की त्या सीलवर आपलं तेल पडलं तर चुंबकीय तेल पातळ होऊन वाहून जातं. तो भाग उघडू नका, तिथे काही घालू नका, कंपनीकडे पाठवा.

ड्रॅग. ड्रॅगने घासलंच पाहिजे, पण एकसारखं. सुरमईच्या पहिल्या धावेत ड्रॅग झटके देत सुटला की दोरी तुटते. कार्बनच्या चकत्या साफ करून ड्रॅग ग्रीस दोन्ही बाजूंना चोळा आणि मग जवळजवळ सगळं पुसून काढा. चकती ओली दिसली पाहिजे, ग्रीस दिसता कामा नये. मधल्या धातूच्या चकत्यांना यामुळे गंजापासून संरक्षणही मिळतं. फेल्टच्या चकत्यांत मीठ साठून त्या कडक झाल्या असतील तर कोमट पाण्यात भिजवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग ड्रॅग ग्रीस मुरू द्या. काही कंपन्या कार्बन कोरडाच ठेवायला सांगतात, तिथे त्यांचं ऐका. गियरचं लिथियम ग्रीस ड्रॅगमध्ये लावलं तर तापल्यावर ते चिकटतं किंवा पातळ होतं, आणि दोन्ही वेळा ड्रॅग भरवशाचा राहत नाही.

मुख्य दांडा आणि स्पूल वर-खाली करणारी यंत्रणा. दांड्याला मध्यम तेलाचा हात. सरकणाऱ्या ठोकळ्याला आणि मळसूत्री दांड्याला मऊ ग्रीस.

हँडलच्या गोळ्यातली बेअरिंग्ज, बेलचे सांधे: व्हीजी ३२ चा एक थेंब. बेलच्या स्प्रिंगेला टूथपिकभर ग्रीस. हँडल आट्यांनी बसत असेल तर आट्यांना ग्रीस लावलंच पाहिजे.

स्क्रू. कोणी बोलत नाही, पण किनाऱ्यावर याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नसेल. स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनियमच्या बॉडीत, मध्ये मिठाचं पाणी. काही महिन्यांत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि स्क्रू कायमचा बसतो. मग डोकं झिजतं, ड्रिल लागतं, बॉडी जाते. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मरीन ग्रीसचा ठिपका. रॉडला लागणाऱ्या रीलच्या पायालाही पुसट हात.

बेटकास्टरचं गणित थोडं वेगळं. स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर आणि लुअर सेकंदाला ३० मीटरने सुटला तर स्पूल त्या क्षणी मिनिटाला सुमारे १७ हजार फेऱ्यांच्या वेगात असतो. या बेअरिंगला सर्वात पातळ तेल, एकच थेंब, आणि ग्रीसचा कणसुद्धा नको. दोन थेंब घातले तर फेक कमी होते. जड लुअर फेकणाऱ्याला ते थोडं दाट तेल फायद्याचंही ठरतं, कारण स्पूल आवरायला सोपा जातो आणि दोरीचा गुंता कमी होतो. सेंट्रिफ्यूगल ब्रेकचे ठोकळे आणि ते ज्या कड्याला घासतात ते कडं कोरडं ठेवा. चुंबकी ब्रेकच्या भागांनाही काही लावू नका. लेव्हल-वाइंडचा (दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेचा) मळसूत्री दांडा उघडा असतो. दाट ग्रीस तिथे वाळू गोळा करतं, म्हणून व्हीजी ३२ किंवा मऊ ग्रीसचा अगदी पातळ थर, आणि दर काही खेपांनी पुसून नवा.

जोडल्यावर आणि नंतर

जोडून झालं की हँडल सावकाश फिरवा. एकाच जागी अडत असेल तर शिम चुकलंय, सगळीकडे सारखं जड असेल तर ग्रीस जास्त झालंय. हँडल झटक्याने उलटं ढकला, दहा-पंधरा वेळा. एकदाही सरकलं तर क्लच पुन्हा उघडा. मग रील एक रात्र कागदावर आडवं ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर कुठून निघालंय ते शोधा. बहुतेक वेळा बेअरिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त गेलेलं असतं, आणि ते तिथून वाहत जाऊन शेजारचं ग्रीस सैल करतं.

ड्रॅग मोजायला मासे तोलायचा हुकाचा वजनकाटा दोरीला बांधून रॉडवरून ओढा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा: दहा किलोच्या दोरीला अडीच ते सव्वातीन किलो. काटा एका आकड्यावर स्थिर राहिला पाहिजे. खाली-वर उड्या मारत असेल तर चकत्यांवरचं ग्रीस कुठेतरी जास्त, कुठेतरी कमी आहे.

किनाऱ्यावरून आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे पाणी स्पूलखाली शिरत नाही. मग गोड्या पाण्याची हलकी फवारणी. नळाखाली जोराची धार नको, बादलीत बुडवणं तर नकोच, कारण त्याने मीठ धुतलं जाण्याऐवजी आत ढकललं जातं. पाणी झटका, पुसा, ड्रॅग पूर्ण सैल करा, सावलीत वाळवा. वाळल्यावर रोलरला आणि बेलच्या सांध्याला व्हीजी ३२ चा एकेक थेंब. पाण्याखाली गेलेलं रील मात्र त्याच दिवशी उघडायचं, वरून तेल सोडून भागत नाही. ग्रीसखाली अडकलेलं खारं पाणी बाहेरून दिसत नाही.

पूर्ण सर्व्हिस वर्षातून एकदा, महिन्यातून चार-पाच वेळा समुद्रावर जाणाऱ्यांनी दोनदा. जून-जुलैत खडकांवर जाणं तसंही जिवावरचं असतं, तेव्हा हे काम त्याच दिवसांत काढा. रील ठेवताना ड्रॅग सैल हवा आणि हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळी दमट हवा आतच कोंडते. सुती पिशवी आणि कपाटाचा वरचा कप्पा बरा. ऑगस्टमध्ये बाहेर काढल्यावर पहिल्या फेकीआधी हँडल शंभरेक वेळा हळू फिरवून घ्या, म्हणजे तळाशी उतरलेलं तेल पुन्हा गियरभर पसरतं.